मंगळवारीच मत

१४ ऑक्टोबर
मतपत्रिका आल्या टपालाने. न मागता, घरोघर, सेलच्या जाहिराती टाकाव्यात तशा! पोटची लेक मार्ला विधानसभेला उभी आहे आणि मी तिला मत पोस्टाच्या पेटीतून द्यायचं? काउंटीचा रिपब्लिकन अध्यक्ष मी! माझा बाप मतदानाच्या मंगळवारी रांगेत उभा राहायचा, मीही राहीन.

२२ ऑक्टोबर
पक्षाचं जेवण, खिमा-राजम्याची चिली आणि भाषणं. माजी सैनिकांचा हॉल गच्च भरला होता. मार्लाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, आपली माणसं म्हातारी, राहतात डोंगरात. टाकू दे ना ज्याला टपालाने टाकायचंय त्याला! नोव्हेंबरातल्या बर्फाचा काय भरवसा?"

म्हटलं, तू भाषण कर, मतांचं मी बघतो. आणि स्टेजवर जाऊन सगळ्यांना हात वर करायला लावले – मत मंगळवारीच, स्वतः जाऊन! टपालाने देणारा मतं चोरणाऱ्यांना साथ देतो, असंही ठणकावलं. डोंगरातल्या म्हाताऱ्या ऑटिसने तर नाकात ऑक्सिजनची नळी असताना हात वर केला. मार्लानेही टाळ्या वाजवल्या. स्टेजवर होती, करते काय!

८ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटेपासून बर्फ. घाट बंद. बर्फ काढायची गाडीच घसरून खड्ड्यात गेली.

संध्याकाळी ऑटिसचा फोन. "वेंडल, दोनदा निघालो रे. गाडी वळणावरच अडकते. मतपत्रिका इथे टेबलावर आहे, पण तुला शब्द दिला होता ना, म्हणून पोस्टात टाकली नाही." रडत होता म्हातारा. म्हटलं, जपून राहा.

तरी रात्रीच्या मोजणीत मार्ला पुढे आहे! थोडीशीच, पण पुढे.

१० नोव्हेंबर
टपालाची मतं मोजताहेत. आघाडी घसरतेय. आयडेला म्हणाली, "ती मतंही माणसांचीच आहेत, वेंडल." बायकोच अशी बोलायला लागली तर झालंच!

१२ नोव्हेंबर
हरली. अगदी थोडक्यात.

सकाळी रेडिओवर गेलो आणि स्पष्ट सांगितलं – चोरी झाली! दुपारी मार्लाने हार मान्य करून टाकली. समोरच्याचं अभिनंदनसुद्धा! फोन करून झापली तिला. म्हटलं, बापाला तोंडघशी पाडलंस.

"चोरी नाही बाबा, बर्फ पडला. आपल्या माणसांनी तुमचा शब्द पाळला, म्हणून मी हरले." आणि फोन ठेवला.

मला कळत नाही का? ऑटिसच्या मतपत्रिकेचं पाकीट अजून तसंच पडलं असेल त्या टेबलावर. पण हे रेडिओवर सांगायचं? कोण ऐकणार? चोरी म्हटल्यावर फोन खणखणले, लोक पेटून उठले. बर्फावर कोणी पेटतं का!

२४ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. मार्ला आली नाही. आयडेलाने टर्की कापला आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. मी एकटाच जेवलो.

२ डिसेंबर
राज्याच्या पक्षकचेरीतून फोन. रेडिओवरचं भाषण फार आवडलं म्हणे. मार्लाने भलत्याच लवकर हात टेकले, पुढच्या वेळी त्या जागेवर लढणारा माणूस हवा. मला विचारलं.

हो म्हणालो.