राहून गेलेली अंघोळ

२२ नोव्हेंबर
माझं पुस्तक दुकानात आलं. मुलगी म्हणून वाढवलेल्या, पण मुलगाच असलेल्या पंधरा वर्षांच्या पोराची गोष्ट. नाताळला आमच्याकडे भेट म्हणून पुस्तकंच देतात, तेव्हा हीच वेळ, असं प्रकाशकाचं म्हणणं. एवढंसं गाव, सगळे ओळखीचे. धास्ती वाटते आहे.

३ डिसेंबर
पोहण्याच्या तलावावर गेले. बाहेर बर्फ, गरम पाण्याच्या कुंडात नेहमीची मंडळी मानेपर्यंत बुडालेली. मी उतरले नि गप्पा थांबल्या. मग म्हातारा थोरलाकुर म्हणाला, ‘काय बाई, मासळीवर लिही की. मासे तक्रार करत नाहीत.’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले.

९ डिसेंबर
राजधानीच्या पेपरात अर्धं पान — ‘धाडसी आणि खरं.’ दुपारी एका अनोळखी आईचा फोन: ‘आमच्या पोरांच्या डोक्यात असलं काही भरवू नका.’ पेपरातलं विसरले, हे पाठ झालं.

२४ डिसेंबर
धाकट्या भावाने, हाल्वदानने, लेकीला माझंच पुस्तक दिलं. कात्ला चौदाची. पूर्वी माझ्यामागे तलावावर यायची, पाण्यातून ओढून काढावं लागे. आता शाळेतल्या पोहण्याच्या तासालाही हटकून पोट दुखतं. कागद फाडला, मुखपृष्ठ पाहिलं, पुस्तक घेऊन खोलीत गेली. तिला आवडावं. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटो.

२७ डिसेंबर
नाताळात आलेली पुस्तकं आज सगळं गाव दुकानात बदलून घेतं. तिथे जायलाच नको होतं. गल्ल्यावरची स्टेनवोर हळूच म्हणाली, ‘कात्लाही येऊन गेली गं. तुझं देऊन गुप्तहेराचं घेतलं.’
थोरलाकुरचं बोलणं सोसलं. हे सोसवत नाही.

३० डिसेंबर
राहवलं नाही, गेले. हाल्वदान दारातच ओशाळला — ‘ताई, मी नाही गं. तिचं तिनेच ठरवलं.’
कात्ला खिडकीशी बसली होती. आवडलं नाही का, विचारलं.
‘पुस्तकातलं तलावाचं प्रकरण खोटं आहे.’
‘खोटं कसं? मी रोज जाते तिथे.’
‘तुझा पोरगा दारातून येतो तो थेट पाण्यात. अंघोळ कुठे गेली, आत्या?’
चारचौघांत सगळे कपडे उतरवून, साबण लावून अंघोळ केल्याशिवाय इथे कुणी पाण्यात पाय घालत नाही. वर देखरेखीला माणूस. मी जन्मभर तेच करत आले, त्यामुळे लिहिताना ती अंघोळ आठवलीच नाही.
‘तो बायकांच्या बाजूला गेला की पुरुषांच्या? मला तेवढंच वाचायचं होतं.’ एवढं बोलून तिने पाठ फिरवली.

३१ डिसेंबर
पोटदुखी! आणि आम्ही तिला औषधं देत बसलो.

२ जानेवारी
प्रकाशकाला कळवलं, दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने येईल. ‘लोक वाखाणताहेत, तुला कसली खाज?’ ऐकलं नाही. नवी पानं कात्लाच्या टेबलावर ठेवून आले. त्यात तो पोरगा दोन दारांपुढे उभा राहतो आणि कोरडाच घरी परततो. त्याहून बरा शेवट मला सुचला नाही.

५ जानेवारी
कात्ला आली होती. तिने — त्याने — मला स्वतःचं नाव सांगितलं. अजून आईबापांनाही ठाऊक नाही. ‘पुस्तकात घालायचं नाही हं, आत्या.’
इथेही लिहीत नाही.