दूध निवेपर्यंत

आई,

होस्टेलमधून मी पत्रं लिहायची ती सगळी आबांच्या नावानं असायची. तुला छापील अक्षर जुळवून वाचता यायचं, हातानं लिहिलेलं यायचं नाही. आबा ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि तू आत भाकरी थापता थापता ऐकायचीस. त्यामुळे फक्त तुला असं मी कधी काही लिहिलंच नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता मी स्वतःच आजी झाले, आणि आज सकाळी बाळाची दुपटी वाळत घालताना वाटलं की हे तुलाच सांगायला हवं. यात तुझं नाव गुंतलंय.

तुझी नात बाळंतपणाला इथे आमच्या गावी, भऱ्याला आली ती अजून इथेच आहे. जावई नोकरीसाठी बंगळूरला, तिचं ऑफिस हिंजवडीला, पण सध्या ती घरूनच काम करते, वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून. तू गेलीस तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती, पण तुझ्या लुगड्याचा वास तिला अजून आठवतो असं म्हणते. मोठी झाल्यावर तिला पळायचा नाद लागला. माझ्यासारखा शाळेच्या मैदानापुरता नाही. दर रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर धरणाच्या रस्त्यानं मैलोन् मैल पळायची आणि परत आली की घरभर तिचा आवाज असायचा. तू एकदा माझ्या शाळेच्या स्पोर्ट्‌स डेला आली होतीस, आठवतं? नऊवारी नेसून, पांढऱ्या झग्यातल्या सिस्टरांच्या शेजारी खुर्चीवर अवघडून बसली होतीस. मी दुसरी आले आणि धापा टाकत तुझ्याकडे धावले, तर तू माझं तोंड पदरानं पुसत म्हणालीस, "एवढी कशापायी पळालीस गं? कुणी मागं लागलं हुतं का?" सिस्टर काय हसल्या होत्या! मी मात्र दिवसभर तुझ्यावर रागावले होते.

बाळ झालं आणि पोरीचा तो आवाज गेला. पहिला सव्वा महिना आम्ही सगळं रीतीनं केलं, शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. ती करू द्यायची, पण जणू कुणा दुसरीचं चाललंय अशी बसून असायची. बाळ रडलं की घ्यायची, झोपलं की ठेवायची. एकदा मी तिची वेणी घालत होते तेव्हा समोर बघत म्हणाली, "आई, माझं काही उरलंय का गं यात?" मी म्हटलं, सगळ्यांना असंच वाटतं. हे उत्तर मला आधीपासून पाठ असल्यासारखं आलं.

थंडी सरली आणि डॉक्टरांनी तिला पळायला परवानगी दिली. उरवड्याच्या रस्त्यावर पहाटेपासून कंपन्यांच्या बस आणि डंपर सुरू होतात, म्हणून हिचे वडील स्कूटर घेऊन तिच्या मागून हळूहळू जाणार असं ठरलं. माझी जाऊ समोरच राहते, तिला हा तमाशाच मिळाला. फाटकात उभी राहून मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरगं तितं भुकंनं रडतंय आन् ही हितं अर्ध्या चड्डीत पळतीया. आन् बा मागनं गाडीवर! लेकीला धरून आणाया निघालाय का घालवाया?" मलाही हसू आलं. ती परत आली तेव्हा चेहरा लालबुंद, कानशिलावरून घाम निथळत होता, आणि ती हसत होती. वडिलांना चिडवत होती की स्कूटरला दम लागला. कितीतरी आठवड्यांनी ती हसत होती, आई. बाळ माझ्या कडेवर रडून रडून लाल झालेलं. तिनं हात पुढे केले. आणि मी एक पाऊल मागे झाले.

"थांब. तापून आलीयस. दूध निवू दे आधी."

ती बघतच राहिली. "हे काय नवीन?"

"नवीन नाही, जुनंच आहे. तुझी आजी म्हणायची. उन्हातनं, कामातनं आलेल्या बाईनं लगेच पाजायचं नाही. पोराला बाधतं."

तुझं नाव ऐकून तिनं वाद घातला नाही. पायरीवर बसली. बाळ आत रडत होतं, मी त्याला झुलवत होते, आणि ती गुडघ्यांना मिठी घालून बसून होती. घाम वाळला तसं तिचं हसूही वाळलं. हे मी बघितलं. तरी मी तिला अजून थोडा वेळ बसू दिलं.

मला हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. ताम्हिणीकडचं आपलं घर, वैशाखातलं ऊन, आणि तू राब भाजून आलेली. खाचरात शेण, पाला, माती पसरून पेटवायची, पुढे त्याच जागी भाताचं बी पेरायचं. त्या धगीत दिवसभर उभं राहून तू यायचीस तेव्हा भुवयांवर राख असायची, हातापायांना काजळी. धाकटा आत पाळण्यात टाहो फोडत असायचा. तू आत यायला निघालीस की आजी, तुझी सासू, उंबऱ्यातूनच म्हणायची, "दूध निवू दे." मग तू ओट्याच्या कडेला सावलीत बसायचीस, तांब्याभर पाणी प्यायचीस आणि मांडीवर हात उताणे टाकून डोळे मिटायचीस. तेवढ्या वेळात तुला कुणी हाक मारत नसे. पाणी आण नाही, गुरं बघ नाही. माझ्या आठवणीत तू दिवसाउजेडी रिकाम्या हातानं बसलेली तेवढ्याच वेळी दिसतेस. थोड्या वेळानं आजी आतून विचारायची, "निवलं का?" आणि तू डोळे न उघडता म्हणायचीस, "न्हाई अजून. लई ऊन हाय."

मी तुझ्या शेजारी बसलेली असायचे. एकदा मी तुझ्या दंडाला हात लावून पाहिला, तर तो केव्हाच गार झाला होता. तू एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलंस आणि परत मिटून घेतलास.

पुढे माझी लेक झाली, माझी शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली आणि तिला सांभाळायला तू इथे येऊन राहिलीस. पिरंगुटहून दुपारच्या उन्हात चालत मी घरी यायचे. दूध साठून छाती दगडासारखी झालेली, ब्लाउज भिजलेला, आणि दारात तू. "बस. निवू दे." मी म्हणायचे, अगं, असं काही नसतं, शरीराची उष्णता दुधात कशी जाईल? तू पोरीला खांद्यावर थोपटत म्हणालीस, "कानवेंटात शिकलीस म्हून तुजं दूध काय येगळं हाय व्हय?" आणि माझ्या हातात ताकाचा पेला दिलास. मी पायरीवर बसून ताक प्यायचे आणि आतलं रडणं ऐकत स्वतः रडायचे. तू हे माझ्यासाठी करत होतीस का, आई? मला घटकाभर बसायला मिळावं म्हणून? की तुला खरंच वाटायचं की दूध तापतं? मी तेव्हा विचारलं नाही. तुझ्या दृष्टीनं ती विश्रांती असेल. मला ती शिक्षा वाटायची. आणि तरी, माझ्या लेकीवर वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, जणू ते इतकी वर्षं तिथेच बसून होतं.

ती आठवडाभर पळायला गेली. रोज परत आल्यावर पायरी, रोज आतून रडणं. मी बाळाला बोंडल्यानं आधी काढून ठेवलेलं दूध द्यायला बघायचे, ते तोंड फिरवायचं, त्याला आईच हवी असायची. ती दिवसेंदिवस लवकर परतू लागली. मग एके दिवशी बूट तसेच राहिले. मी विचारलं तर म्हणाली, "पळताना माझ्या डोक्यात फक्त ती पायरीच असते. तो रडणार आणि मी ऐकत बसणार. त्यापेक्षा नकोच." मी म्हटलं, बरं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रस्त्याची भीती गेली, जावेची बोलणी गेली. पोर घरात राहिली.

घरात राहिली म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. केस विंचरायची नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून भिंतीकडे बघत बसायची. ताट अर्धं टाकायची. गेल्या आठवड्यात दुपारी बाळ रडत होतं, मी मागे मिरच्या वाळत घालत होते, आत आले तर ही दिसेना. न्हाणीत नळ पूर्ण सोडलेला, आणि ही कपड्यांनिशी भिंतीला टेकून उभी. मी नळ बंद केला. म्हटलं, "काय करतेस गं?" म्हणाली, "काही नाही. पाण्याचा आवाज असला की त्याचं रडणं ऐकू येत नाही." हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. मी बाळाला उचललं आणि तिलाही हाताला धरून बाहेर आणलं. त्या दिवसापासून मी तिला फार वेळ एकटी सोडत नाही.

तिच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी घेऊन या, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. मग विचारलं, पळत होत्या ना, ते का थांबलं? मी सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "काकू, दूध तापत नाही हो." मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि मला माहीत होतंच. आयुष्यभर मी मुलांना विज्ञान शिकवलं आहे. पण पोरीला मी काय सांगणार होते? तिलाही ते माहीत होतं. तिनं पहिल्याच दिवशी फोनवर बघून घेतलं होतं. ती पायरीवर बसत होती ते दुधासाठी नव्हे, तुझ्या शब्दासाठी बसत होती. तो माझ्यानं मोडवेना, आणि तिच्यानंही.

काल संध्याकाळी ती बाळाला पाजत होती. मी जवळ बसून शेंगा सोलत होते. म्हटलं, "तुझी आजी अजून एक सांगायची. पोर रडत असेल तर ऊन-बिन बघायचं नाही. आल्या आल्या घ्यायचं. पोराचं रडणं दुधाहून वाईट."

तिनं मान वर केली. "मग तेव्हा वेगळं का सांगितलंस?"

"मला अर्धंच आठवत होतं."

तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं, पण नजर माझ्यावरच होती. मी शेंगांवरून नजर काढली नाही. "आजी असं म्हणायची?"

"व्हय," मी म्हणाले. का कोण जाणे, तुझ्यासारखंच म्हणाले.

आज पहाटे फाटकाची कडी वाजली. हिचे वडील धडपडत उठून स्कूटर काढेपर्यंत ती वळणापलीकडे गेलीसुद्धा. परत आली तेव्हा हसत नव्हती. पायरीशी थबकली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग घामानं चिंब हातांनी बाळाला उचलून तिथेच दारात बसून पाजायला घेतलं. थोड्या वेळानं म्हणाली, "घरात केळं आहे का? भूक लागलीय." स्वतःहून भूक लागली म्हणायची ती बऱ्याच दिवसांनी. एवढंच झालं, आई. एका सकाळीनं काही होत नाही, हे मला कळतं. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, आणि उद्या ती उठेल की नाही तेही मला माहीत नाही.

हे कागद घरात ठेवता यायचे नाहीत. तिच्या हाती लागले तर सगळंच गेलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर तापतं, त्या चुलीत घालीन. रडत्या पोराला आल्या आल्या घ्यायचं, हे तू कधीच म्हणाली नव्हतीस. ते मी तुझ्या तोंडी घातलं. माझ्या बोलण्यानं ती उठली नसती.

आणि एक राहिलं. ती पाजत होती तेव्हा मी केळं आणायला म्हणून आत गेले ती तिथेच उभी राहिले. तापल्या अंगानं पाजलेलं मला बघवत नव्हतं. ती वर कामाला गेल्यापासून चार वेळा बाळाच्या पोटाला हात लावून पाहिलाय, कुठे फुगलं तर नाही ना.