उलट्या होड्या

प्रिय सतरा नंबर,

अकरा वर्षांनी पत्र येतंय आणि तेही माझं, म्हणजे पाकीट उघडायच्या आधीच तू नाक मुरडलं असशील. मुरड. पण फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढी एकच विनंती. शिवणखोलीत सगळ्या तुला नंबरानेच हाक मारायच्या, म्हणून इथेही तेच लिहिलं. मला तुम्ही कात्री म्हणायचात, निम्मं कामामुळे आणि निम्मं जिभेमुळे. आता जिभेची धार गेली आणि गेल्या महिन्यात कामातूनही सुटले. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळेवर यायचं बंद झाल्यावर घड्याळ देतात, आहे की नाही गंमत!

तर मी कुठून लिहितेय? समुद्रावरच्या त्या शहरातून. आठवतं, चारशे खिडक्यांचे पडदे शिवताना आपण ठरवलं होतं, एकदा जाऊन ते हॉटेलात लावलेले बघायचे? निळ्या कापडावर पांढऱ्या शिडाच्या होड्या. समोर अख्खा समुद्र असताना या लोकांना पडद्यावर होड्या कशाला हव्यात, असं तू म्हणायचीस. लेकीने विचारलं, आई, सुटलीस आता, कुठे जायचंय? माझ्या तोंडून हेच शहर निघालं. ती म्हणाली, अगं, तिथे एक दिवस राहायचं तर खिशाला केवढी कात्री लागेल! मी म्हटलं, मग पोरं जातात तशी जाते. भाचीची पाठीवरची भलीमोठी पिशवी घेतली, कपड्यांचे दोन जोड, चादर, बिस्किटं, पाण्याची बाटली. पहिल्यांदा ती पाठीवर चढवली तेव्हा मी तशीच मागच्या मागे पलंगावर बसले. लेक हसून हसून बेजार.

सकाळी बसमधून उतरले. बाई गं, काय तो थाट! काचेच्या इमारती, बाहेरून वरखाली करणाऱ्या काचेच्या लिफ्ट, टप नसलेल्या गाड्या. एका दुकानाच्या एवढ्या मोठ्या काचेत एकच बूट ठेवला होता, दुसरा बहुतेक घेणाऱ्याची ऐपत बघून काढत असावेत. वाळूवर रंगीत खुर्च्या मांडलेल्या, पण त्यांचे पैसे पडतात. वाळूचे पडत नाहीत. मी चादर अंथरली, पिशवीला टेकले, केळी आणि पाव खाल्ला. खुर्चीतल्यांना जो समुद्र दिसत होता तोच मला दिसत होता. मागे वळून हॉटेलच्या खिडक्या मोजायला लागले, पण काचा उन्हात अशा चमकत होत्या की आतलं काही दिसेना.

शेवटी धीर करून दारात गेले. दरवानाने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पडदे बघायला आलेय म्हटलं, तर त्याला वाटलं विकायला आलेय. त्याने मला अदबीने मागचं दार दाखवलं. मागे खोल्या साफ करणारी एक बाई पायरीवर चहा पीत बसली होती. आपल्याच वयाची. तिला सगळं सांगितलं, तर तिने मला बाजूला बसवून अर्धा चहा दिला. म्हणाली, ते होड्यांचे पडदे चार वर्षांपूर्वीच काढले, आता बटण दाबलं की सरकन वर जातात तसले आहेत. जुने कुणीतरी ढिगाने विकत नेले. एवढ्या लांब आले ती कशासाठी?

माझं राहण्याचं ठिकाण या झगमगाटाच्या दोन गल्ल्या मागे, एका लाँड्रीच्या वर आहे. एका खोलीत आठ जणी, एकावर एक पलंग, आंघोळीला रांग. दुपारी दोननंतर आत सोडतात. आत गेले आणि दारातच थबकले. प्रत्येक पलंगाला आडोशासाठी पडदा होता, निळा, त्यावर पांढऱ्या होड्या! मधून कापून दोनाचे चार केलेले, आणि हाताला येतील तसे लावलेले. निम्म्या पलंगांवर होड्या सरळ, निम्म्यांवर शिडं खाली, तळ वर. मी समोरच्या पलंगावरच्या मुलीला विचारलं, हे उलटे का गं? ती म्हणाली, मावशी, झोपायला आडोसा हवा, होडी कुठे चालवायचीय? त्या सगळ्या पोरी दिवसभर पाय तुटेपर्यंत हिंडतात आणि त्या उलट्या होड्यांखाली गाढ झोपतात. एकीलाही कधी काही वाटलं नाही. मी मात्र माझ्या पलंगावर बसून पडद्याची कड उलटली. आत पट्टी होती, लाल दोऱ्याने घातलेला नंबर, आणि त्यातला सात किंचित वाकडा. तुझा सात.

मग मी पडदा ओढून घेतला आणि मनसोक्त रडले. वरच्या पोरीने न विचारता रुमाल खाली सोडला.

ते बारा पडदे हॉटेलने परत पाठवले तो दिवस तू विसरली नसशील. होड्या उलट्या, म्हणून शिवणखोलीच्या मास्तरांनी कडा उघडल्या आणि बाराही पडद्यांवर सतरा नंबर निघाला. पडद्यावर शिवणारीचा नंबर असतो, कापणारीचा नसतो. डोळे कुठे होते, उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. तू माझ्या टेबलाकडे एकदा पाहिलंस, बोटातलं अंगुस्तान काढून पर्समध्ये टाकलंस आणि गेलीस. मी मान खाली घालून कापत राहिले. कापडाचा ताका उलटा मी अंथरला होता. घाईत चुकून झालं, एवढंच लिहायचं ठरवून पत्राला बसले होते. पण तुझा तो सात बघितल्यावर अर्धवट लिहवेना. चूक माझ्या लगेच लक्षात आली होती, कापून झाल्या झाल्या. बारा पडद्यांचं कापड वाया घालवलं म्हणून मला काढतील, अशी भीती वाटली. आणि तो गठ्ठा मी मुद्दाम तुझ्या टोपलीत ठेवला, कारण बाकीच्या जणी तपासून घ्यायच्या आणि तू माझं कापलेलं कधी तपासायची नाहीस.

बस. हेच सांगायला एवढं लांबलचक लिहिलं. इथे पैसे घ्यायला बसते त्या मुलीला विचारून ती पट्टी मी उसवून घेतली आणि या पाकिटात घातली आहे. मागची बाजू बघ. तिथे आज मी लाल दोऱ्याने माझंही नाव घातलंय, टाके तुझ्याइतके सुबक नाहीत.

तुझी, आणि ही पट्टी तू टाकून दिलीस तरी तुझीच,
कात्री