रद्द केलेली एकशे सदतीस पुस्तकं

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद.

चव्वेचाळीस वर्षांच्या, महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या माणसाला ‘बारकू’ म्हणू नये, हे मला कळतं. आधी तुझ्या नावाला ‘श्रीयुत’ लावून पाहिलं, तर पत्र मुदत संपल्याच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. तो कागद फाडला. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझी ताई बरी आहे. पण ते तुला माझ्याआधी माहीत असणार. दर गुरुवारी स्वयंपाकघराचं दार लावून ती कोणाशी बोलते हे न कळण्याइतका मी अजून बहिरा झालेलो नाही.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कामाचंच आहे. ग्रंथपालाने ग्रंथपालाला विचारावा तसा एक सल्ला हवा आहे. तुझ्याकडे पदवी आहे, माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं आहेत. मी इथे लागलो तो पुस्तकांवरची धूळ पुसायला. पुस्तकं कशी लावतात ते पुसता पुसताच शिकलो, आणि शिकलो ते पटेना म्हणून स्वतःची पद्धत बसवली, तीन जाड वह्यांत. वाचक ज्या अंगाने पुस्तक मागतो त्या अंगाने मी ते ठेवलं. तपासणीला आलेल्या एकाही साहेबाने त्यात खोट काढली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

आता संगणक आला आहे. आला म्हणजे आणून आदळला आहे. प्रत्येक पुस्तकाला रेघांची एक पट्टी चिकटवायची, यंत्राखाली धरायची, नोंद जुळवायची. पट्टीचा गोंद असा की पुस्तक सोडून बोटाला धरून बसतो. एकतीस हजार चारशे बारा पुस्तकं, मुदत तीन महिने. ही मुदत ठरवणाऱ्या समितीतल्या कोणी आयुष्यात तीन फळ्या तरी पुसल्यात का, देव जाणे.

मदतीला ग्रंथालयशास्त्राची एक विद्यार्थिनी दिली आहे, सहा आठवड्यांच्या प्रात्यक्षिकासाठी. विद्यार्थिनी म्हणजे एकोणचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, संसारातून मान वर काढून पुन्हा शिकायला बसलेली. मला ‘सर’ म्हणते, पण ऐकत नाही. गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला, सोमवारी, तिने एक प्रवासवर्णन यंत्राखाली धरलं आणि म्हणाली, “सर, हे पुस्तक हरवलेलं आहे.”

“बाई, ते तुमच्या हातात आहे.”

“हातात आहे हो. पण संगणक म्हणतोय हरवलंय. अकरा वर्षांपूर्वी रद्द.”

“मग संगणक दुरुस्त करून घ्या.”

“त्याला काय झालंय? तुमच्याच अक्षरातली नोंदवही बघून भरलंय सगळं.”

त्या दिवशी अशी नऊ निघाली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकशे सदतीस. त्यापुढे एकही नाही.

आकडा वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल. प्रश्न अजून विचारायचाच आहे.

प्रश्न असा: हरवली म्हणून वहीतून रद्द केलेली पुस्तकं आपल्याच फळीवर सापडली, तर पुढे काय करावं?

हाच प्रश्न मी आधी फोनवरच्या ग्रंथपालांच्या गटात टाकला. दोनशे चाळीस जण आहेत त्यात, ग्रंथपालही आणि शिकणारेही. ‘एका परिचित ग्रंथालयात अशी अडचण आली आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.’ जाणकार तुटून पडले. एक म्हणतो, नवे क्रमांक द्या, ‘देणगी’ असं लिहा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आमच्याकडे उलट आहे, संगणकात पुस्तकं आहेत आणि फळीवर नाहीत, अदलाबदल करायची का? एका विद्यार्थ्याने विचारलं, हा प्रश्न परीक्षेला येतो का? चौघांनी फुलांची चित्रं पाठवली. एकाने मला तब्बल सतरा ओळींचा नियम पाठवला, त्यात सोळा ओळी वाळवीबद्दल होत्या. मी फोन उपडा ठेवून दिला. ज्यांना प्रश्न वाचायचा धीर नाही ते पुस्तकं काय वाचत असतील?

घंटा झाली. बाई दारात उभ्या आहेत. पुढचं नंतर.

रविवार, १६ तारीख
सकाळी, घरी

पाच दिवस हा कागद खणात होता. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण वेळ होता.

त्या गटात एक निवृत्त ग्रंथपाल बाई आहेत. सहसा काही लिहीत नाहीत. सगळ्यांचं सांगून झाल्यावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: ‘हरवल्याचा ठपका तेव्हा कोणावर आला होता? आधी त्या माणसाला कळवा, पुस्तकांना घाई नाही.’

मी उत्तर दिलं, ‘हा मुद्दा प्रस्तुत प्रकरणी लागू होत नाही.’

त्यांनी लिहिलं, ‘बरं.’

बारकू, त्या ‘बरं’ने मला जेवढा त्रास दिला तेवढा त्या गोंदानेही दिला नाही.

आता काय घडलं ते नीट, क्रमाने सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

पुस्तकाला दोन क्रमांक असतात. एक दाखल क्रमांक, पुस्तक आलं त्या दिवशी पडतो, जन्मतारखेसारखा. तो बदलत नाही. दुसरा जागेचा, म्हणजे पत्ता. तो बदलू शकतो. मी माझ्या पद्धतीत सुधारणा करत होतो. प्रवासवर्णनं सात नंबरच्या कुलपाच्या कपाटात प्रदेशांप्रमाणे होती, ती मी लेखकांप्रमाणे लावून खिडकीजवळच्या उघड्या फळ्यांवर नेत होतो. एकदम नाही. वाचकाकडून जसं एकेक परत येईल तसं. नवा पत्ता चिकटवायचा, नवं कार्ड लिहायचं, जुनं कार्ड खणातून काढून टाकायचं. अशी चार वर्षांत नऊशेच्या वर पुस्तकं हलवली. त्यातल्या एकशे सदतीस पुस्तकांची जुनी कार्डं काढायची राहिली. का राहिली ते मला आठवत नाही. शेवटच्या उन्हाळ्यात एक गठ्ठा ‘एकदमच काढू’ म्हणून ठेवल्याचं अंधुक आठवतं. तेही खरं, की आता सोय म्हणून आठवतंय, सांगवत नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी, वर्षाखेरीस मोजणी झाली. जुनी कार्डं कपाटाचा पत्ता सांगत होती आणि कपाटात पुस्तकं नव्हती. माणसाने घर बदललं आणि मी जुन्या दारावर थाप मारून तो मेला असं जाहीर केलं, असं हे आहे.

तू तेव्हा माझा सहायक, टेबलापाशी उभा होतास. निळा स्वेटर, बाहीला खडूचा डाग. म्हणालास, “भावोजी, पत्त्यावरून नको, दाखल क्रमांकाने ताडून पाहू या. दोन दिवसांचं काम आहे.” मी म्हणालो, “माझ्या कपाटात मला आकडे शिकवू नकोस.” तू तरीही बोललास, “यातली दहाबारा तरी मी खिडकीजवळ बघितलीत.” मी म्हणालो, “त्या दुसऱ्या प्रती आहेत.” उठून वीस पावलं चाललो असतो तर पुस्तक उघडून दाखल क्रमांक दिसला असता. उठलो नाही. माझ्या हातून कार्ड राहणं शक्यच नाही, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की बघायची गरज वाटली नाही.

पुढचं लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.

तू चोरी केलीस असं मी कधीच म्हटलं नाही. अकरा वर्षं मी हे स्वतःला बजावत आलो. मी अहवालात फक्त एक वाक्य लिहिलं: ‘सदर कपाटाची किल्ली संध्याकाळच्या पाळीत सहायकाकडे असे.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. किल्ली सकाळच्या पाळीत माझ्याकडे असे, हेही तेवढंच खरं होतं. ते लिहिलं नाही. समितीने ते वाक्य वाचलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. घरी येऊन तुझ्या ताईला सांगितलं, “नात्यातला म्हणून मी पांघरूण घालणार नाही.” छाती काढून सांगितलं. मला तेव्हा मी फार मोठा माणूस वाटलो होतो.

तू काढून टाकण्याची वाट न बघता राजीनामा दिलास. लोक म्हणाले, बघा, मनात काळं असणार. मी ते ऐकलं आणि खोडलं नाही. तुमच्या आई गेल्या त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू वर येत होतास आणि मी उतरत होतो. तू अंग चोरून भिंतीला लागलास, मला जागा दिलीस. मी ती घेतली आणि उतरून गेलो.

सापडलेल्या पुस्तकांची यादी पुरी झाल्यावर मी आधी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो होतो. ते आरामखुर्चीत होते. म्हणाले, “अहो, सापडली ना? मग गोड मानून घ्या. जुनी मढी कशाला उकरता? देणगीत दाखवा, कोण विचारतंय!” मला बरं वाटलं, बारकू. खोटं का बोलू? जिना उतरताना मला हलकं हलकं वाटत होतं. सोमवारी ग्रंथालयात येऊन देणगीची वही उघडली आणि पहिल्या पुस्तकाचं नाव लिहिलंसुद्धा. ‘देणगीदार’ या रकान्यात काय लिहायचं, म्हणून थांबलो.

बाई शेजारी पट्ट्या लावत होत्या. वहीत डोकावून म्हणाल्या, “सर, एकदम एकशे सदतीस देणार, असा कोण दानशूर निघाला?”

“तुम्ही तुमचं काम करा.”

“करतेय की. पण मला प्रात्यक्षिकाचा अहवाल द्यायचाय. त्यात मी काय लिहू? जे बघितलं ते लिहायला शिकवतात आम्हाला.”

मला कोणी शिकवलं नव्हतं. आजवर हे मी अभिमानाने सांगत आलो.

ते पान आडवी रेघ मारून रद्द केलं आणि तारखेसह सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी हे पत्र सुरू केलं आणि सल्ल्याच्या नावाखाली लपलो.

आज सकाळी तुझ्या ताईला सांगितलं. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी सुरुवातीपासून, दोन क्रमांकांपासून समजावू लागलो. तिने चिमटा दातांत धरला होता, तो काढून म्हणाली, “क्रमांक राहू द्या. त्याने घेतली नव्हती, एवढंच ना?”

“हो.”

“ते मला त्याच दिवशी माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, भावाची बाजू घेते.” मग चादर झटकली. ती इतक्या जोरात की पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. “आणि मला काय सांगताय? त्याला सांगा. घाबरताय का?”

हो म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. तेवढंच.

सोमवार, १७ तारीख
ग्रंथालयात

आज अकरा वाजता मी समितीला अर्ज दिला. मजकूर एक पानाचा आहे. चूक कोणती, कशी घडली, कोणी सुचवलेली तपासणी कोणी नाकारली, आणि किल्ली दोन्ही पाळ्यांत कोणाकोणाकडे असे, सगळं लिहिलं आहे. मूळ अहवालातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून खाली लिहिलं की हे वाक्य अपुरं होतं आणि ते अपुरं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. चिटणीस म्हणाले, “इतकं कशाला? ‘नजरचूक’ लिहा, भागेल.” मी म्हणालो, नजर चुकली नव्हती, वळवली होती. आवक क्रमांक टाकून शिक्का घेतल्याशिवाय तिथून हललो नाही. आता मला वाटलं तरी तो कागद परत मिळणार नाही. माझी मला खात्री नव्हती म्हणून तसं केलं.

प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या महाविद्यालयात दाखव, जाळ, वाटेल ते कर. मला काढतील की ठेवतील ते माहीत नाही. अध्यक्ष चिडले आहेत. पुस्तकं मिळाली म्हणून नाही, मी ती गुपचूप मिळू दिली नाहीत म्हणून. बाई मात्र आज न सांगता माझ्या वाटणीच्याही पट्ट्या लावत बसल्या आहेत. निम्म्या तिरक्या आहेत. मी बोललो नाही.

माफी मागायला मी हे लिहिलं का? पहिल्या पानावर विचारशील तर नाही. आता विचारशील तर हो. पण तू ती दिलीच पाहिजेस असं नाही, आणि लगेच तर मुळीच नाही. अकरा वर्षं तुझ्या नावावर जे चढवून ठेवलं, ते एका अर्जाने उतरत नाही, एवढा हिशेब अशिक्षित ग्रंथपालालाही येतो.

शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी दहाला सभा आहे, वाचनकक्षात. अर्ज चिटणीस वाचणार होते. मी मागून घेतला. मीच उभा राहून वाचणार आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आलास, तर दारात थांबू नकोस. सरळ आत ये, आणि समोरच्या रांगेत बस. मला वाचताना तुझ्याकडे बघता आलं पाहिजे.

‘भावोजी’ म्हणायचं की नाही, ते तू ठरव. तोपर्यंत,

तुझ्या ताईचा नवरा