तिरपा स्टिकर

गुरुवार, नोव्हेंबर २००८, पेणकरपाडा

आज सुपरवायझरच्या थोबाडीत मारली. चष्मा फुटला त्याचा. फुटू दे!

माझ्या बापाचा, अप्पांचा, उजवा डोळा गेला. काचबिंदूचे थेंब बंदच केले होते त्यांनी. का, विचारलं तर केबिन रोडवरच्या दुकानातून आणलेली गोळ्यांची बाटली दाखवली. "नॅनो आहे गं. बारीक कण थेट डोळ्यात पोचतात."

बाटलीवर 'नॅनो'चा तिरपा स्टिकर. आमच्याच हाटकेशच्या पॅकिंग युनिटमधला. आत साध्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, हे मला ठाऊक होतं.

बाटली घेऊन जाब विचारायला गेले, तर सुपरवायझर हसून म्हणाला, "स्टिकर तो तूने ही लगाया ना?"

म्हणून मारली. मग अजून एक. बायकांनी ओढलं मला, नाहीतर जीवच घेतला असता.

पण खोटं कुठे बोलला तो? अख्ख्या युनिटमध्ये तिरपा स्टिकर फक्त माझाच असतो.