किनुयोच्या खिडकीवरची कारली

प्रिय किनुयो,

तुझ्या लेकाचं, मासातोचं कार्ड आलं. थंडीच्या आधी घर विकायचं म्हणतो. का, तर ते घर म्हणजे भट्टी आहे, गेल्या ऑगस्टात आई तिथेच उकाड्याने कोसळली, आता ती इथे कोबे शहरात माझ्याकडेच बरी. वाचून माझं डोकंच सणकलं. पस्तीस वर्षं कुंपणाला लागून राहिलेली शेजारीण अशी एका कार्डावर काढून न्यायची? तर आता नीट बस, चहा घे, आणि तुझ्या भट्टीचं काय झालंय ते ऐक.

मे महिन्यात नगरपालिकेने घरोघर कारल्याची रोपं वाटली. खिडकीबाहेर जाळी बांधायची, वेल वर चढवायचा. सावली पडली की एसी कमी लागतो, वीज वाचते, आपल्या शहराचा कार्बन कमी होतो. हे सगळं समजवायला पर्यावरण विभागातला हिरानुमा आला होता, अजून मिसरूडही न फुटल्यासारखा दिसतो. घरटी दोन रोपं. मी चार मागितली. "आजी, नियम दोनचाच आहे हो." मी म्हटलं, "दोन माझी, दोन शेजारणीची. ती लेकाकडे गेलीय, मेलेली नाही." बिचारा गोरामोरा झाला आणि चार देऊन गेला.

तुझ्या पश्चिमेच्या खिडकीवर जाळी मीच बांधली. मासातोला शिडीचं सांगू नकोस. खाली शिडी धरून समोरच्या घरातले ताकेउची उभे, आणि तोंडाचा पट्टा चालू, "तोमोएबाई, पडलात तर माझ्यावर पडू नका, माझी कंबर आधीच गेलीय." जुलैपर्यंत वेलाने अख्खी खिडकी झाकली. आणि मग सुरू झाला कारल्यांचा कहर! सगळ्या गल्लीने एकदम लावलेली, सगळ्यांना एकदम लागली. मी ताकेउचींना ताटभर दिली. रिकामं ताट परत कसं करायचं, म्हणून त्यांनी स्वतःची कारली भरून पाठवली. अंड्यात परतली, लोणच्यात घातली, तरी संपेनात. परवा तर माझं ताट चौथ्या घरातून माझ्याच कारल्यांनी भरून परत आलं. त्यातलं एक वाकडं मी लगेच ओळखलं. मी इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणि तुला हाक मारायला कुंपणापाशी गेले, सवयीने.

गेल्या आठवड्यात हिरानुमा तापमापक घेऊन आला. बाहेर एकोणचाळीस होतं. तुझी पश्चिमेची खोली, वेल नसलेल्या मागच्या खोलीपेक्षा साडेतीन अंशांनी थंड निघाली! मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. पण तो लगेच म्हणाला, "तरी दुपारी एसी लावायचाच हं, आजी. वीज वाचवा म्हणजे जीव द्या, असं नाही म्हणत आम्ही." तो हसत होता. मला काही हसता आलं नाही.

किनु, कारली हे निमित्त आहे. गेल्या वर्षी वीजबचतीच्या स्पर्धेत आपण दोघीच पुढे होतो. त्या दुपारी तुझा एसी घरघरला आणि मी कुंपणावरून ओरडले, "काय गं, हरलीस?" तू तो बंद केलास. दोन तासांनी तुला रुग्णवाहिकेत घातलं. दवाखान्यात सगळे तुलाच हट्टी म्हातारी म्हणत होते, मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. तूही कुणाला बोलली नाहीस. मासातोला वाटतं, घराने तुला पाडलं. माझ्या जिभेने पाडलं गं. आज हे सगळं त्यालाही लिहून पाठवलंय, तो मला काय हवं ते बोलो. तू मला माफ कर, आणि घर विकू देऊ नकोस. परत ये. दुपारी एसी खुशाल लाव. कुंपणापलीकडून त्याची घरघर आली की मला कळेल, तू घरी आहेस.

तुझीच, जीभ आवरायला शिकणारी,
तोमोए