चोवीस घोडे

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, ४ मे २०२५

चि. नंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही सगळे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा लिफ्टपर्यंत कुरकुरतो आणि भाजी मार्केटात पोचला की गप्प बसतो. इराची परीक्षा संपली, त्यामुळे घरात पुन्हा नात असल्यासारखं वाटतं.

आता तुझी मागणी. तुझ्या प्रबोधने मागे ठेवलेल्या दुनळी बंदुकीला काडतुसावर आपटणारे दोन नवे घोडे हवेत, त्यांचे ओढायचे कान लांब आणि आत वळलेले, म्हणजे एकाच अंगठ्याने दोन्ही मागे ओढता येतील. आणि जन्म टूलरूममध्ये घालवलेला भाऊ असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ, असं तू लिहितेस. नंदा, हे काम मी करणार नाही. इथे बंदूकच काय, तिचा सुटा भागसुद्धा परवान्याशिवाय करणं मोठा गुन्हा आहे. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी माणसं विमानतळावर अडकतात. मी नुसता आकार कागदावर काढायला घेतला, तर कुशलने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. त्याने इथे दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी केली आहे. म्हणाला, बाबा, हे ड्रॉसुद्धा करायचं नाही. ज्या देशात तीस वर्षं पोट भरलं, त्याचा कायदा मी बहिणीसाठीही मोडणार नाही. लिहिताना वाईट वाटतंय, पण आडवळणाने लिहिलं असतं तर तू मला ओळखलंच असतंस.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र दीड पानात संपलं. तुझे काने सगळे उजवीकडे कलंडलेत आणि मागच्या पानावर पेन दोनदा निसटलंय. मी विचारलं नसताना तू पेन नवं असल्याचं लिहिलंस, तिथेच मला शंका आली. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस, म्हणून तर अण्णांनी लावलेली ही पत्रांची सवय मी सोडत नाही. अंगठ्याला काय झालंय ते सरळ सांग.

लोभ आहेच, राग आला असेल तर तोही पोस्टाने पाठव.

तुझा,
दादा


अ‍ॅरिझोना
२५ मे २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस तुझं पत्र फ्रिजवर उलटं लावून ठेवलं होतं. मग वाटलं, माणूस कधी नव्हे ते 'नाही' म्हणालाय, तर त्याला कारण असणार. मला तुमच्याकडचा कायदा ठाऊक नव्हता. ती मागणी मी परत घेते.

पेन नवं नाही. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, शर्टाचं बटण, सगळ्यांशी भांडण चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे आहे. वय माझं चौसष्ट, अंगठ्याचं ऐंशी.

तुला पूर्ण गोष्ट कधी सांगितली नाही, ती आता सांगते. प्रबोध निवृत्त झाल्यावर ह्या जुन्या पद्धतीच्या नेमबाजीच्या सामन्यांच्या नादी लागला हे तुला माहीतच आहे. टोपी, जाकीट, बूट सगळं दीडशे वर्षांपूर्वीच्या काउबॉयचं, आणि प्रत्येकाला एक टोपणनाव. ह्याचं 'डॉक मिसळ'. दर महिन्याला मला म्हणायचा, एकदा बंदूक हातात तर घे. मी सावलीत खुर्ची टाकून शब्दकोडी सोडवत बसायचे. बारा वर्षं बसले. तो गेल्यावर दुनळी पुसायला म्हणून बाहेर काढली आणि खांद्याला लावली, तर ती मला बरोबर बसली. मला, दादा. तो सहा फुटी माणूस. त्याने खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता माझ्या मापाचा कापून ठेवला होता आणि स्वतः कोपर आखडून त्याच आखूड दस्त्याने खेळत होता. मला एका शब्दाने बोलला नाही.

तेव्हापासून मी शिकतेय. नोव्हेंबरात फक्त दुनळीचा सामना आहे आणि त्यात बाहेरच्या घोड्यांचीच बंदूक चालते. बंदूक टेबलावर उघडी आणि रिकामी. इशारा झाला की पट्ट्यातली दोन काडतुसं नळ्यांत सारायची, बंदूक मिटायची, दोन्ही घोडे मागे ओढायचे, लोखंडी पाट्या पाडायच्या, की पुन्हा दोन काडतुसं. सहा फेऱ्या, प्रत्येकीत चार पाट्या, म्हणजे चोवीस घोडे. माझा अंगठा आठव्याला दगा देतो.

तन्मयला दुनळीसाठी गिऱ्हाईक मिळालंय. तो वाईट मुलगा नाही, त्याला आईच्या हातात बंदूक बघवत नाही इतकंच. मी त्याला शब्द दिलाय, की नोव्हेंबरचा सामना माझ्या हाताने पुरा झाला तर दुनळी घरात राहील, नाही तर त्याने ती विकावी. मला ती राखायची आहे.

वहिनीला नमस्कार, इराला पापा. लोभाला तुमच्याकडे परवाना लागत नसेल, तर तो भरपूर पाठव.

तुझी,
नंदा


बुकित बातोक
१५ जून २०२५

चि. नंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. दस्त्याच्या ठिकाणी मी ते तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं.

तीन रात्री झोप नीट लागली नाही. मी बंदुकीला हात लावू शकत नाही हे पक्कं. पण चौथ्या दिवशी दाढी करताना डोक्यात आलं, की तुझ्या अंगठ्याला हात लावायला मला कोणत्या कायद्याने अडवलंय? मी आठवड्यातून दोन दिवस अजून वर्कशॉपला जातो, आणि आम्ही तिथे हॉस्पिटलच्या उपकरणांचेच भाग करतो. आमच्या वरच्या मजल्यावर विनीता म्हणून मुलगी राहते, ती हाताचे सांधे दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवते. तिच्याशी दोन संध्याकाळ बसलो. ती म्हणते, सांध्याला मुळाशी बाहेरून आधार दिला तर जोर मनगटावर जातो आणि अंगठा टिकतो. तर मी पट्टी करतो. वरून पातळ स्टेनलेस, आतून मऊ कातडं, आणि घोडा जिथे लागेल तिथे जाड कातड्याची टोपी. कातडं आमच्या इमारतीखाली चपला शिवणाऱ्या अंकलकडून घेतो. त्यांना सांगितलंय की बहिणीच्या हातासाठी आहे, तर त्यांनी तीन तुकडे काढून वाकवून दाखवले.

मला तुझ्या अंगठ्याचा ठसा हवा. मीठ घालून कणीक घट्ट भिजव, त्यात उजवा अंगठा मनगटापर्यंत दाब, उन्हात खडखडीत वाळव आणि पाठव. घोड्यांचं काम तुझ्या गावातल्या एखाद्या परवाना असलेल्या बंदुकीच्या कारागिराला दे. पण त्याला आधी अंगठा दाखव, बंदूक नंतर.

रोज किती घोडे होतात ते प्रत्येक पत्रात लिही. टाळाटाळ चालणार नाही. लोभ मी वाढवतोच आहे, तू आकडा वाढव.

तुझा,
दादा


अ‍ॅरिझोना
७ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टी पोचली. इतकी देखणी आहे की बोटात घालावी की देव्हाऱ्यात ठेवावी कळेना. देव्हाऱ्यातच ठेवली, कारण ती माझ्या अंगठ्यात जात नाही. तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिला. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला छान बसली.

दादा, तू कणकेवरून माप घेतलंस. कणीक वाळली की आक्रसते, हे मला स्वयंपाकघरात उभं राहून कळतं, तर चाळीस वर्षं साचे करणाऱ्याला कळू नये? वहिनीला विचारलं असतंस तरी चाललं असतं. रागावले नाहीये, पण ही गोष्ट मी तुला मरेपर्यंत ऐकवणार आहे.

आता मीच माप पाठवतेय. आई बांगडीचं माप दोऱ्याने घ्यायची ना, तसाच सोबत दोरा आहे. पहिली गाठ नखाशी, दुसरी पेरावर, तिसरी सुजलेल्या मुळावर, चौथी मनगटावर. दोरा वाळत नाही.

कारागीर भला म्हातारा आहे. त्याने दोन्ही घोड्यांना आतल्या बाजूने छोटे कान जोडले, आता एका ओढीत दोन्ही येतात. दस्त्याला मागे रबर लावून लांबवू का म्हणाला. मी सांगितलं, ह्या लाकडाला हात लावायचा नाही. त्यावर फक्त कातड्याची पिशवी वादीने आवळून घेतली, खांद्याला मऊ लागावी म्हणून. स्प्रिंगाही त्याने मऊ करून पाहिल्या, पण मग दहातली दोन काडतुसं उडेनात, म्हणून पुन्हा कडक कराव्या लागल्या. म्हणजे राहिलेला जोर माझाच. नळ्यांना मात्र त्याने हातही लावला नाही. प्रबोधने आतून अशा घासल्यात, की बंदूक उघडून जरा तिरकी केली की रिकामी काडतुसं आपली आपण खाली पडतात.

आकडा अकरा. पत्र दोन बैठकांत लिहिलंय. लोभ आक्रसू देऊ नकोस.

तुझी,
नंदा


बुकित बातोक
२८ सप्टेंबर २०२५

चि. नंदास,
अ. उ. आ.

चूक माझी. पोलादाची घट मी झोपेत सांगेन, पण कणकेची विसरलो. तुझ्या वहिनीने हे घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय. मी पहिली पट्टी केली तेव्हाच इराने ती बोटात घालून, आजोबा, टू स्मॉल लाह, असा इथल्या बोलीत निकाल दिला होता, पण मी तिला उडवून लावलं.

दोरा मिळाला. वर्कशॉपच्या टेबलावर तो पसरला आणि तिसऱ्या गाठीपाशी थांबलो. एवढी सूज आहे हे तू लिहिलं नव्हतंस. ह्या वेळी सैल करून तीन वेळा तपासली, विनीताच्या हाताखालून घातली, मगच पाकीट बंद केलं. बंद दोन आहेत: मनगटाचा आधी आवळ, अंगठ्याचा नंतर. उलट करू नकोस. रात्री काढून ठेव.

पाकिटात तुझ्या वहिनीचं हिरवं नऊवारी लुगडं आहे. दीडशे वर्षांपूर्वीचाच वेश हवा ना, मग त्या लोकांची पँट कशाला, असं तिचं म्हणणं. मेपासून ती म्हणत होती, ह्या वयात बंदुका कसल्या. आता म्हणते, करायचं तर नीट करावं.

सात आठवडे आहेत. आठवड्याला दोनच घोडे वाढव, दुखलं तर एक दिवस सोड, पण दोन सोडू नकोस. लोभ आवळून बांधला आहे, सुटायचा नाही.

तुझा,
दादा


अ‍ॅरिझोना
१६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

काल सामना झाला. आधी निकाल सांगते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस: मी शेवटून दुसरी आले. शेवटच्या गृहस्थाच्या बंदुकीचा चाप मोडला होता.

सकाळी पंचाने माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, भावाने केलंय, तो सिंगापुरात असतो आणि त्याने ही बंदूक कधी पाहिलेली नाही. हाताला आधार घ्यायला नियमाची मनाई नव्हती. नऊवारीवर मात्र त्यांच्यात चर्चा झाली. शेवटी एक जाडे गृहस्थ म्हणाले, आपल्या सगळ्यांपेक्षा हाच वेश जुना दिसतोय, आणि विषय मिटला.

पहिल्या तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. दोन पाट्या सुटल्या, पण हात चालत होता. चौथीत उजवा घोडा अर्ध्यावरून निसटला आणि कळ कोपरापर्यंत गेली. पंच हळूच म्हणाला, पुढचे घोडे दुसऱ्या कुणाला ओढायला सांगू का, वेळ धरणार नाही. मागे सावलीत तन्मय उभा होता, माझ्याच जुन्या खुर्चीशेजारी. मी नको म्हटलं. तुझा मनगटाचा बंद एक घर आवळला आणि पुन्हा ओढला. पाचवी फेरी किती वेळ चालली ते विचारू नकोस, लोक सरबत पिऊन परत आले. सहावीत मला पंच मोजत असलेले आकडे ऐकू येईनासे झाले. मी मनात फक्त जोडीजोडीने घोडे मोजत होते, एकवीस-बावीस. शेवटची जोडी ओढून झाडली, तेव्हा चोविसावी पाटी पडली की नाही हेही मी पाहिलं नाही. पडली होती.

मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत. प्रबोध बारा वर्षं बोलवत होता आणि मी उठले नाही, ते सगळं काल बाहेर आलं. तन्मयने बंदूक उघडून तपासली, पुसली, पेटीत ठेवली. गाडी सुरू केली. मग विचारलं, पुढचा सामना कधी आहे. एप्रिलमध्ये, म्हटलं. बरं, म्हणाला.

पट्टी परत पाठवतेय, टोपीचं कातडं दबलंय, ते बदलून दे. तुझी छोटी पट्टी शेजारच्या मुलीने देव्हाऱ्यातून मागून नेली आहे. धाडलेली पट्टी दोनदा धुतली आहे, बंदुकीच्या दारूचा कणही नाही, कुशलला सांग. तुला एक रिकामं काडतूस पाठवावं असं फार मनात होतं. ते मी अण्णांच्या फोटोशेजारी ठेवलंय, कारण तुला तुरुंगात पाहायची माझी इच्छा नाही.

वहिनीच्या नऊवारीवर एक डाग पडलाय, तिला आत्ताच सांगू नकोस. लोभ पुरला, दादा. चोविसाव्यापर्यंत पुरला.

तुझी,
नंदा


बुकित बातोक
७ डिसेंबर २०२५

चि. नंदास,
अ. उ. आ.

पत्र आणि पट्टी एकाच दिवशी आली. शेवटचं पान मी आधी उघडलं नाही, ह्याला साक्षीदार आहे. तुझ्या वहिनीने डागाचं वाचलं आणि म्हणाली, राहू दे, तो धुवायचा नाही.

पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली. कातड्याच्या टोपीवर दोन खळगे पडलेत, शेजारी शेजारी, उजवा डाव्यापेक्षा खोल. प्रबोधची दुनळी मी आजवर फक्त फोटोत पाहिली. काल पहिल्यांदा त्या खळग्यांवर माझा अंगठा टेकवला आणि दोन्ही घोडे हाताला लागले. पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. इरा विचारायला आली, आजोबा काय झालं, तर तिलाही बोट ठेवायला दिलं.

उजवा घोडा जास्त कडक आहे, कारागिराला एवढं सांग. हे सांगणं गुन्ह्यात येत नाही, कुशलकडून खात्री करून घेतली. टोपीचं हे कातडं मी बदलणार नाही, माझ्याकडे ठेवणार आहे. तुला नवी पट्टी करतोय.

तुझं पत्र चार पानी होतं. सगळे काने सरळ उभे होते. म्हणजे तू ते पट्टी घालूनच लिहिलंस, मग पाकिटात घातलीस. ह्याबद्दल काही बोलत नाही, फक्त मला दिसलं हे तुला कळावं.

नवी पट्टी पोस्टाने येणार नाही. एप्रिलची तिकिटं काढली आहेत, मी घेऊन येतो. तुझ्या वहिनीला सावलीत ती खुर्ची दे. माझ्यासाठी दुसरी मागवू नकोस, मी बसायला येत नाहीये. दस्ता मला आखूड पडेल. प्रबोध आखडायचा तसं कोपर मीही आखडीन.

बाकी लोभ समक्ष.

तुझा,
दादा